रत्नागिरी जिल्ह्याची खानेसुमारी-कोष्टके : आडवी मांडणी, उभी मांडणी आणि कालप्रवाहाचा आलेख

१. प्रश्नाचे स्वरूप

आकडेवारीच्या आधारे इतिहास लिहिणाऱ्या अभ्यासकाचे लक्ष बहुधा आकड्यांच्या विश्वसनीयतेकडे असते; ते आकडे कोणत्या आकृतिबंधात मांडलेले आहेत ह्याकडे ते क्वचितच जाते. आकडा बरोबर असला म्हणजे तो कोणत्या ओळीत व कोणत्या स्तंभात बसला आहे ही बाब केवळ छापखान्याच्या सोयीची होय, असा एक समज रूढ आहे. हा समज खरा नाही. प्रत्येक कोष्टक कोणत्या तरी विशिष्ट प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आखलेले असते. आणि प्रश्न बदलला की तेच कोष्टक उत्तर देण्याऐवजी ते झाकून ठेवू लागते. रत्नागिरी जिल्ह्याच्या १८७२ पासूनच्या खानेसुमारीची कोष्टके ह्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहेत.

कोष्टकाच्या मांडणीचे दोन प्रकार येथे विचारात घ्यावयाचे आहेत. पहिल्या प्रकारात एका स्थळाला एक ओळ मिळते आणि निरनिराळी वर्षे स्तंभशीर्षे होऊन शेजारी शेजारी उभी राहतात. नवी शिरगणती झाली की कोष्टक उजवीकडे एका स्तंभाने वाढते. ह्या प्रकाराला ‘आडवी मांडणी’ म्हणता येईल. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक ओळीत एकच नोंद असते: स्थळ, वर्ष, बाब आणि संख्या. नवी शिरगणती झाली की कोष्टक खाली वाढते, स्तंभ तेवढेच राहतात. ही ‘उभी मांडणी’ होय. पहिलीत वर्ष हे स्तंभाचे नाव असते. दुसरीत ते स्वतःच एक मोजलेली गोष्ट, एक मूल्य, बनते. भेद वरवर पाहता क्षुल्लक दिसतो. परंतु वर्ष हे जोपर्यंत केवळ एक शीर्षक आहे, तोपर्यंत काळाविषयी कोणताही प्रश्न कोष्टकाला विचारता येत नाही. ते मूल्य झाले की दोन वर्षांमधील अंतर, त्या वर्षी त्या स्थळाची हद्द आणि त्या वर्षी नेमके काय मोजले गेले, हे तीनही प्रश्न टाळता येत नाहीत. रत्नागिरीच्या बाबतीत ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे अनपेक्षित आहेत.

२. पहिली कोष्टके व काळाचे अंतर

मुंबई इलाख्यातील पहिली सर्वसाधारण शिरगणती २१ फेब्रुवारी १८७२ रोजी झाली. तिच्या आधाराने जेम्स कॅम्पबेल ह्यांच्या संपादनाखाली तयार झालेल्या गॅझेटियरचा दहावा खंड १८८० मध्ये प्रसिद्ध झाला. रत्नागिरी जिल्हा व सावंतवाडी संस्थान ह्यांचे वर्णन त्याने एकाच बांधणीत, परंतु दोन स्वतंत्र भागांत दिले. त्यात रत्नागिरीची लोकसंख्या १०,१९,१३६ व सावंतवाडीची १,९०,८१४ अशी नोंदलेली आहे. ह्या काळातील कोष्टकांचा वाचक मुख्यतः अधिकारी होता. दापोलीत किती माणसे आहेत, चिपळुणात किती, राजापुरात किती. त्यांत हिंदू किती व मुसलमान किती. शेतीवर किती व इतर धंद्यांवर किती, हे त्याला एका दृष्टिक्षेपात हवे असे. म्हणून तालुके खाली आणि बाबी आडव्या, अशी मांडणी स्वाभाविकपणे रूढ झाली. स्थळांची परस्परांशी तुलना करण्यास ती उत्तम होती. काळाची तुलना हा तिचा हेतूच नव्हता. पुढील शिरगणतीसाठी पुढील खंड निघणार होता.

पुढील खंड जसजसे निघत गेले तसतसा मागील वर्षाचा आकडा नव्या आकड्याच्या शेजारी छापण्याची प्रथा पडली. रत्नागिरी जिल्ह्याचे आकडे असे शेजारी ठेवले तर १८७२ मध्ये १०,१९,१३६, १८८१ मध्ये ९,९७,०९०, १८९१ मध्ये ११,०५,९२६ आणि १९०१ मध्ये ११,६७,९२७ अशी ओळ तयार होते. चार स्तंभ समान रुंदीचे असल्याने वाचकाची नजर त्यांमधील काळही समान धरते. वस्तुतः १८८१ ची शिरगणती १७ फेब्रुवारीस झाली. म्हणजे पहिल्या दोन स्तंभांमधील अंतर दहा नव्हे, नऊ वर्षांचे आहे. २२,०४६ माणसांची घट ही ‘दशकातील घट’ नसून नऊ वर्षांतील घट आहे, आणि ती त्यानंतरच्या १,०८,८३६ च्या वाढीशी ताडून पाहताना हा भेद लक्षात घेणे आवश्यक आहे.

एका वर्षाच्या फरकाने निष्कर्ष फारसा बदलत नाही, असे कोणी म्हणेल. आणि ह्या उदाहरणापुरते ते बरोबरही आहे. परंतु हाच दोष अलीकडच्या काळात मोठ्या प्रमाणात उद्भवणार आहे. २०२१ मध्ये होऊ घातलेली जनगणना कोविडच्या साथीमुळे लांबली. पुढील जनगणनेचा संदर्भदिन बहुतांश देशासाठी १ मार्च २०२७ असा २०२५ मध्ये जाहीर करण्यात आला. म्हणजे २०११ नंतरचा स्तंभ दहा नव्हे, सोळा वर्षांच्या अंतराने येईल. आडव्या कोष्टकावरून सरळ काढलेल्या आलेखात, जर वर्षे ही केवळ नावे म्हणून घेतली गेली, तर हे सोळा वर्षांचे अंतर १८७२–८१ च्या नऊ वर्षांइतकेच रुंद दिसेल आणि रेषेचा उतार वा चढ खोटा ठरेल. वर्ष हे संख्या म्हणून एका स्तंभात उतरविले असता अक्ष आपोआप प्रमाणबद्ध होतो. उभ्या मांडणीचा हा पहिला लाभ होय.

३. चिठ्ठी, आलेख आणि संगणकावरील कोष्टक

उभी मांडणी ही संगणकाच्या युगाची देणगी आहे असा समज होण्याचा संभव आहे. तो दूर करण्यास हिंदुस्थानातील खानेसुमारीचाच इतिहास पुरेसा आहे. एकोणिसाव्या शतकातील शिरगणतींत गणनापुस्तकांतील नोंदी मोठ्या गोषवारा-पत्रकांवर खुणा करून एकत्र केल्या जात. १९०१ मध्ये ही रीत बदलून चिठ्ठीपद्धत स्वीकारण्यात आली. प्रत्येक माणसासाठी एक स्वतंत्र चिठ्ठी. धर्मानुसार चिठ्ठीचा रंग वेगळा. आणि तीवर त्या माणसाची जात, वय, व्यवसाय इत्यादी तपशील. अशा चिठ्ठ्यांचे गठ्ठे खणांत वाटून मोजले की हवे ते कोष्टक तयार होई. एकदा व्यवसायानुसार वाटावयाचे, तेच गठ्ठे पुन्हा जन्मस्थळानुसार वाटावयाचे. चिठ्ठी तीच, कोष्टके निरनिराळी.

ही चिठ्ठी म्हणजे उभ्या मांडणीतील एक ओळच होय. तिच्यात एका माणसाविषयीची एक नोंद पूर्ण असते आणि तिचा अर्थ ती कोणत्या खणात ठेवली आहे ह्यावर अवलंबून नसतो. छापील आडवे कोष्टक हे अशा असंख्य चिठ्ठ्यांचे एक वाटप आहे. अनेक शक्य वाटपांपैकी त्या वेळी उपयुक्त वाटलेले एक. चिठ्ठ्या कालांतराने नष्ट होतात, वाटप मात्र छापून उरते. त्यामुळे पुढील पिढीला वाटप हीच मूळ वस्तू वाटू लागते. आडव्या कोष्टकाची उभी मांडणी करणे म्हणजे नष्ट झालेल्या चिठ्ठ्या परत मिळविणे नव्हे. परंतु उरलेल्या प्रत्येक आकड्याला चिठ्ठीसारखे स्वयंपूर्ण करणे होय.

आलेखाचा इतिहासही हेच सांगतो. विल्यम प्लेफेअर ह्याने १७८६ मध्ये लंडन येथे आपला व्यापारविषयक आलेखसंग्रह प्रसिद्ध केला. त्यात निरनिराळ्या देशांशी इंग्लंडचा आयात-निर्यात व्यापार काळाच्या आडव्या अक्षावर रेषांनी दाखविला होता. त्या संग्रहातील स्कॉटलंडविषयीचा एकच आलेख मात्र दंडांचा आहे. कारण असे की, स्कॉटलंडच्या व्यापाराची एकाच वर्षाची आकडेवारी त्याच्या हाती होती; काळाची रेषा काढण्यास साधनच नव्हते. जेथे काळाचे मूल्य नाही तेथे रेषा नाही, स्थळांची तुलना करणारा दंड तेवढा शक्य आहे, हे तत्त्व प्लेफेअरने जणू नाइलाजाने सिद्ध केले. गॅझेटियरचा अधिकारी-वाचक दंडालेखाचा वाचक होता. इतिहासाचा अभ्यासक हा रेषालेखाचा वाचक आहे. एकाची मांडणी दुसऱ्यास जशीच्या तशी चालणार नाही, ह्यात आश्चर्य ते काय?

संगणकावरील स्प्रेडशीटने ह्या प्रश्नाला नवे रूप दिले. १९७९ मध्ये व्हिसीकॅल्क हा कार्यक्रम बाजारात आला व १९८५ मध्ये एक्सेल. दोन्हींनी हिशेबनिसाच्या रुळलेल्या चौकटी कागदाचे अनुकरण केले. त्या कागदावर महिने वा वर्षे आडवी मांडण्याची वहिवाट जुनीच होती. साहजिकच आडवी मांडणी संगणकातही स्थिरावली. दुसरीकडे, एडगर कॉड ह्याने १९७० मध्ये मांडलेल्या संबंधाधिष्ठित प्रतिमानात प्रत्येक ओळ ही एक स्वतंत्र विधान मानली गेली आणि ओळींच्या व स्तंभांच्या क्रमाला अर्थ असता कामा नये असा आग्रह धरला गेला. ह्या दोन परंपरा बराच काळ समांतर चालल्या. संख्याशास्त्रज्ञ हॅडली विकम ह्याने २०१४ मध्ये ‘सुव्यवस्थित आकडेवारी’विषयीच्या आपल्या निबंधात प्रत्येक चलाला एक स्तंभ व प्रत्येक निरीक्षणाला एक ओळ हा नियम संशोधकांसाठी स्पष्ट शब्दांत मांडला, तेव्हा कॉडचेच तत्त्व संख्याशास्त्राच्या भाषेत आले. विकमने स्वतःच ते ऋण मान्य केलेले आहे.

४. कोणते रत्नागिरी?

काळाच्या अंतराहून अधिक गंभीर प्रश्न हद्दीचा आहे. पुढील ओळ आडव्या मांडणीतील आहे. त्या त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या लाखांत दिली आहे. १९८१ पासूनचे आकडे नव्या हद्दीचे आहेत.

| जिल्हा | १९४१ | १९५१ | १९६१ | १९७१ | १९८१ | १९९१ | २००१ | २०११ |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| रत्नागिरी | १३.७३ | १७.१२ | १८.२७ | १९.९१ | १३.८० | १५.४४ | १६.९७ | १६.१५ |

ही ओळ निवडून स्प्रेडशीटमध्ये आलेखाची आज्ञा दिली असता क्षणार्धात रेषा उमटते. ती रेषा सांगते की, १९४१ ते १९५१ ह्या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या शेकडा सुमारे २५ ने वाढली, आणि १९७१ ते १९८१ ह्या काळात ती शेकडा सुमारे ३१ ने घटली. कोकणाचा इतिहास न जाणणारा वाचक पहिल्या घटनेसाठी सुबत्तेचे व दुसरीसाठी एखाद्या भयंकर आपत्तीचे कारण शोधू लागेल. दोन्ही घटना घडलेल्याच नाहीत.

पहिल्या झेपेचे कारण राजकीय आहे. १९४८ मध्ये सावंतवाडी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले व त्याचा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात आला. १९४१ मध्ये संस्थानाची लोकसंख्या अडीच लाखांच्या घरात होती. ती १९४१ च्या आकड्यात मिळविली असता दशकातील खरी वाढ शेकडा पाच-सहाच्या आसपास येते. दुसऱ्या घसरणीचे कारणही तसेच आहे. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. देवगड, मालवण, वेंगुर्ले हे जुन्या रत्नागिरीचे तालुके आणि सावंतवाडीचा मुलूख त्यात गेला. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १९८१ च्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च होता, म्हणजे विभाजनाच्या बरोबर दोन महिने आधीचा. माणसे मोजली गेली ती जुन्या जिल्ह्यात. पुढील खंडांतून १९८१ चा म्हणून जो आकडा आढळतो तो मात्र नव्या हद्दीत बसवून घेतलेला आहे. स्तंभशीर्ष ‘१९८१’ असे सांगते, ‘कोणते १९८१’ हे सांगत नाही.

उभी मांडणी करू लागताच हा प्रश्न आपोआप पुढे येतो, कारण प्रत्येक ओळीत स्थळाचे नाव वर्षासमवेत पुन्हा लिहावे लागते. ‘रत्नागिरी, १९४१’, ‘रत्नागिरी, १९५१’, ‘रत्नागिरी, १९८१’ असे लिहिताना ह्या तीन रत्नागिरी एकच नव्हेत हे लेखणीलाच जाणवते. योग्य रीत अशी की, स्थळाच्या स्तंभाशेजारी हद्दीचा एक स्तंभ घालावा: ‘संस्थानाविना’, ‘संस्थानासह’, ‘विभाजनोत्तर’. मग दोनच मार्ग उरतात. एक, आजच्या हद्दीत मागील सर्व आकडे बसविणे. जनगणना खात्याच्या ‘ए-२’ ह्या कोष्टकमालेत १९०१ पासूनची दशवार्षिक वाढ अशाच रीतीने दिलेली असते, आणि तिची मांडणीही प्रत्येक जिल्ह्याखाली वर्षांची उभी ओळ अशीच आहे, ही उल्लेखनीय गोष्ट होय. दुसरा मार्ग म्हणजे विभाजनानंतरच्या दोन जिल्ह्यांची बेरीज करून जुनी हद्द पुन्हा उभी करणे. ह्या रीतीने १९९१ मध्ये २३,७६,२०९, २००१ मध्ये २५,६५,६०२ आणि २०११ मध्ये २४,६४,७२० अशी मालिका मिळते. सीमेवरील गावांच्या फेररचनेमुळे ती जुन्या जिल्ह्याशी काटेकोर जुळेलच असे नाही. परंतु १९७१ च्या १९.९१ लाखांशी तिचे नाते सुसंगत आहे, आणि शेकडा ३१ ची काल्पनिक आपत्ती तिच्यात उरत नाही.

तीच रीत एकोणिसाव्या शतकालाही लावता येते. रत्नागिरी व सावंतवाडी ह्यांची बेरीज १८७२ मध्ये १२,०९,९५० होती, १८८१ मध्ये ११,७१,५२३, आणि १९०१ मध्ये १३,८५,६५९. अशा अखंड मालिकेवरून पाहता २०११ मधील घट ही ह्या भूमीतील पहिली घट नव्हे. १८८१ मध्ये घट दिसते. १९११ ते १९२१ ह्या, १९१८ च्या इन्फ्लुएंझाने ग्रासलेल्या दशकातही रत्नागिरीची लोकसंख्या सुमारे १२.०४ लाखांवरून ११.५४ लाखांवर आली होती. परंतु त्या घटींमध्ये आणि अलीकडच्या घटीमध्ये स्वरूपाचा भेद आहे, आणि तो जाणून घेण्यासाठी एकूण संख्येच्या आत शिरावे लागते.

५. मांडणी बदलण्याची रीत

आडव्या कोष्टकाची उभी मांडणी करण्याची क्रिया आज यंत्राकडून क्षणात होते. आर ह्या भाषेत, पायथनच्या पांडास ह्या संचात, किंवा एक्सेलमधील पॉवर क्वेरी ह्या साधनात तिची नावे निराळी आहेत, क्रिया एकच. ओळख देणारे स्तंभ, उदाहरणार्थ जिल्ह्याचे नाव व संकेतांक, स्थिर ठेवावयाचे. उरलेल्या स्तंभांची शीर्षे एका नव्या स्तंभात आणि त्यांखालील आकडे दुसऱ्या नव्या स्तंभात उतरवावयाचे. आठ वर्षांची एक ओळ असेल तर आठ ओळी होतात.

यंत्र जे करीत नाही ते अभ्यासकाने करावयाचे असते. अशा चार गोष्टी विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली : शीर्षात दोन बाबी गुंतलेल्या असतील, जसे ‘२००१ पुरुष’, तर त्या वर्ष व लिंग अशा दोन स्तंभांत फोडाव्यात, आणि वर्ष हे अक्षर म्हणून नव्हे, अंक म्हणून नोंदवावे. दुसरी : जनगणनेच्या पत्रकांत एकूण, ग्रामीण व नागरी अशा तीन ओळी, आणि व्यक्ती, पुरुष व स्त्रिया असे तीन स्तंभ असतात. उभ्या मांडणीत ‘एकूण’ व ‘व्यक्ती’ ह्यांच्या नोंदी तशाच राहू दिल्या तर प्रत्येक माणूस अनेकदा मोजला जातो. बेरजा काढून टाकाव्यात. त्या केव्हाही पुन्हा करता येतात. तिसरी : रिकामा चौकोन आणि शून्य ह्यांत भेद राखावा. १९७१ च्या स्तंभात सिंधुदुर्गाचा चौकोन रिकामा आहे तो तेथे माणसे नव्हती म्हणून नव्हे, त्या नावाचा जिल्हा नव्हता म्हणून.

चौथी गोष्ट सर्वांत अधिक उपेक्षित आहे. उभ्या मांडणीत मूळ संख्या उतरवाव्यात, गुणोत्तरे नव्हेत. २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण रत्नागिरीत ११२२ व सिंधुदुर्गात १०३६ होते. दोन्ही जिल्ह्यांचे मिळून प्रमाण काढावयाचे झाल्यास ह्या दोन आकड्यांची सरासरी १०७९ येते. परंतु ती चूक आहे. दोन्हींकडील स्त्रियांची बेरीज १२,८६,२६७ व पुरुषांची ११,७८,४५३ असून खरे प्रमाण १०९१ आहे, कारण रत्नागिरीचा भार सिंधुदुर्गाच्या जवळजवळ दुप्पट आहे. गुणोत्तर हे सारांश असते, आणि सारांशांच्या सरासरीतून मूळ गोष्ट परत मिळत नाही.

६. पुरुष, स्त्रिया आणि ‘चाकरमानी’

रत्नागिरीच्या सामाजिक इतिहासात स्त्री-पुरुष प्रमाणाला मोठे स्थान आहे. हा जिल्हा एकोणिसाव्या शतकापासून मुंबईला मनुष्यबळ पुरवीत आला. १८८१ मध्ये मुंबई शहराच्या ७,७३,१९६ लोकसंख्येपैकी सव्वा लाखाच्या घरातील माणसे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती. मुंबईच्या कोष्टकात जी माणसे जन्मस्थळाच्या ओळीत दिसतात, तीच रत्नागिरीच्या कोष्टकात पुरुषांच्या स्तंभातील उणीव म्हणून दिसतात. घरी स्त्रिया, म्हातारे व मुले; मुंबईस गिरणीत, गोदीत वा नोकरीत घरधनी; शिमग्याला व गणपतीला त्याचे येणे आणि महिन्याकाठी त्याची मनीऑर्डर, असे जे चित्र ‘चाकरमानी’ ह्या एका शब्दात साठविलेले आहे, त्याची संख्याशास्त्रीय खूण म्हणजे हे प्रमाण होय. जन्माच्या वेळच्या प्रमाणाशी त्याचा संबंध नाही, हे शून्य ते सहा वर्षांच्या मुलांच्या आकड्यांवरून सिद्ध होते. त्या वयोगटात रत्नागिरीतील प्रमाण २००१ मध्ये ९५२ व २०११ मध्ये ९३६ होते; म्हणजे मुली मुलग्यांहून कमीच होत्या.

नव्या हद्दीतील रत्नागिरीत हे प्रमाण १९८१ मध्ये १२५८, १९९१ मध्ये १२०५, २००१ मध्ये ११३६ आणि २०११ मध्ये ११२२ असे उतरत आलेले आहे. गुणोत्तरांच्या ह्या एका रेषेवरून एक सुखद निष्कर्ष सहज निघू शकतो : पुरुष परत येऊ लागले, कुटुंबे गावात एकत्र नांदू लागली, आणि शतकभराची उणीव भरून निघत आहे. १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली, गिरण्यांचा काळ मागेच संपत आला होता. तेव्हा हा निष्कर्ष संभाव्यही वाटतो. तो तपासण्यासाठी मूळ संख्या उभ्या मांडणीत पाहणे आवश्यक आहे.

| जिल्हा | वर्ष | लिंग | संख्या |
|---|---|---|---|
| रत्नागिरी | २००१ | पुरुष | ७,९४,४९८ |
| रत्नागिरी | २००१ | स्त्रिया | ९,०२,२७९ |
| रत्नागिरी | २०११ | पुरुष | ७,६१,१२१ |
| रत्नागिरी | २०११ | स्त्रिया | ८,५३,९४८ |
| सिंधुदुर्ग | २००१ | पुरुष | ४,१७,८९० |
| सिंधुदुर्ग | २००१ | स्त्रिया | ४,५०,९३५ |
| सिंधुदुर्ग | २०११ | पुरुष | ४,१७,३३२ |
| सिंधुदुर्ग | २०११ | स्त्रिया | ४,३२,३१९ |

ह्या आठ ओळींवरून चार रेषा काढल्या की सुखद निष्कर्ष टिकत नाही. रत्नागिरीत दहा वर्षांत ३३,३७७ पुरुष कमी झाले. आणि त्याच काळात ४८,३३१ स्त्रिया कमी झाल्या. पुरुषांतील घट शेकडा ४.२ तर स्त्रियांतील ५.४ आहे. सिंधुदुर्गात पुरुषांची संख्या केवळ ५५८ ने उतरली, म्हणजे व्यवहारतः स्थिर राहिली; स्त्रियांची मात्र १८,६१६ ने घटली. जिल्ह्याच्या एकूण १९,१७४ च्या घटीपैकी जवळजवळ सर्व घट स्त्रियांची आहे. तात्पर्य, ह्या दशकात प्रमाण उतरले ते पुरुष परत आले म्हणून नव्हे, तर स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक वेगाने कमी झाली म्हणून.

ही घट कशामुळे झाली हे कोष्टक सांगत नाही, आणि ते त्याच्याकडून वदवून घेणे योग्य होणार नाही. कुटुंबासह स्थलांतर, मुलांच्या शिक्षणासाठी शहरातील बिऱ्हाड, घटलेले जन्म, मुलींचे उतरते प्रमाण आणि मागील पिढीतील वृद्ध स्त्रियांचे मृत्यू ह्या सर्वांचा त्यात वाटा असू शकेल. प्रत्येकाचा वाटा ठरविण्यासाठी वयोगटाचा स्तंभ जोडून हीच मांडणी पुढे न्यावी लागेल. तथापि एवढे निश्चित म्हणता येते की, ज्या कथेत पुरुष जातो आणि घर मागे राहते, ती कथा एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रत्नागिरीला जशीच्या तशी लावता येत नाही. बंद घराची संख्या आणि स्त्रियांच्या स्तंभातील उणीव ह्यांचा परस्परसंबंध हा पुढील संशोधनाचा विषय होय.

७. समारोप

वरील विवेचनाचा आशय असा नव्हे की आडवी मांडणी त्याज्य आहे. छापील पानावर डोळ्यांनी वाचण्यास, तालुक्यांची तुलना करण्यास आणि वाचकापुढे अंतिम फल ठेवण्यास तीच सोयीची आहे. ह्या निबंधातील पहिले कोष्टकही आडवेच आहे. प्रश्न उद्भवतो तो तीच मांडणी विचाराची मांडणी मानली जाते तेव्हा. जतन उभ्या मांडणीत करावे, विचार उभ्या मांडणीवर करावा, आणि सादर करताना प्रसंगानुसार आडवे करावे, असा क्रम राखला तर दोन्हींचे गुण पदरात पडतात.

१८७२ पासूनच्या रत्नागिरीच्या आकड्यांनी दाखविलेली गोष्ट अशी की, मांडणी बदलण्याचे काम यांत्रिक दिसले तरी ते वस्तुतः साधन-परीक्षणाचे काम आहे. प्रत्येक आकड्याला त्याचे स्थळ, त्याची हद्द, त्याचे वर्ष व त्याचा विषय पुन्हा लिहून देताना अभ्यासकाला त्या आकड्याची साक्ष तपासावी लागते. दप्तरखान्यातील कागद वाचताना तो कोणी, केव्हा व कोणत्या मुलखासाठी लिहिला हे विचारावे लागते, त्याहून ही रीत निराळी नाही. २०२७ चा स्तंभ ह्या मालिकेला लवकरच जोडला जाईल. तो उजवीकडे चिकटविला जातो की खाली चार नव्या ओळी होऊन येतो, ह्यावर रत्नागिरीच्या पुरुषांविषयी व स्त्रियांविषयी पुढे कोणते प्रश्न विचारता येतील हे पुष्कळसे अवलंबून राहील.